मोटरहोम की मागे ओढायची कॅराव्हॅन? मुलुंडच्या एका घरातलं प्रकरण

मागच्या दिवाळीत फराळाला ताईकडे मुलुंडला गेलो, तर चिवड्याच्या ताटलीशेजारी भावोजींनी दोनशे पानी वही उघडून ठेवलेली. डाव्या पानावर ‘मोटरहोम’, उजव्या पानावर ‘कॅराव्हॅन’, आणि खाली दोन्हीकडे आकडे, बाण, खाडाखोड. “तू गाड्यांमधला माणूस. बघ आणि सांग, कुठली घेऊ,” म्हणाले. मी बेस्टच्या कार्यशाळेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी ब्रेक आणि बॉडीच्या कामात. त्यामुळे आमच्या नात्यात कुणी चाकं असलेली वस्तू घ्यायची म्हटली की कागद माझ्यापुढे येतात.

मी त्या दिवशी दिलेला सल्ला चुकला. तांत्रिक हिशेब बरोबर होता, प्रश्नच चुकीचा धरला होता. म्हणून हे सगळं प्रकरण पहिल्यापासून मांडतो आहे. हल्ली असाच पेच घेऊन येणारे बरेच भेटतात, आणि त्यांच्या हातातली माहिती बहुतेक विलायतेतल्या रस्त्यांची असते.

आधी घर समजून घ्या. भावोजी ६३ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. ताई ५९ ची, शिक्षिका होती. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डावा कधीतरी करावा लागणार. उकिडवं बसणं कायमचं बंद. प्रवासाला निघायचं असलं की ती पहाटेपासून पाणी पीत नाही, कारण वाटेत कमोड मिळेल याची खात्री नसते. मुंबईतल्या किती बायका असा प्रवास करतात हे आपण पुरुष कधी मोजत नाही. मुलगा बंगळुरूला. सोसायटीत स्टिल्टखाली एका गाडीची जागा. घरची गाडी सीएनजीवरची, सात आसनी. गाव गुहागर तालुक्यात. तिथे वडिलोपार्जित घर, नारळ-सुपारीची वाडी आणि सामाईक सातबारा, त्यावर ११ नावं. घरात भावोजींचे चुलतभाऊ राहतात. दोघांनी मिळून ठरवलेली रक्कम ३० लाख, त्यापुढे एक रुपया नाही.

मोटरहोम म्हणजे इंजिनासकट घर: एकाच चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, चालकाची जागा आणि मागे झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय. आपल्याकडे ती बहुधा फोर्स ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधतात. कॅराव्हॅनला इंजिन नसतं. ती दुसऱ्या गाडीमागे हूकला जोडून न्यायची, मुक्कामी पोचलं की सोडवायची आणि गाडी मोकळी करून फिरायचं. १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं हौसेच्या प्रवासासाठी ‘वॉन्डरर’ नावाची कॅराव्हॅन ब्रिस्टलला बांधून घेतली, तिला दोन घोडे लागायचे. ओढणार कोण, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

भावोजींच्या वहीत ब्रिटिश आकडे भरलेले होते. भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावं. हूकवर पडणारा भार कॅराव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा. हे आकडे इथेही तितकेच खरे आहेत, कारण त्यांच्यामागचे निसर्गनियम सगळीकडे तेच. मागचं वजन पुढच्यापेक्षा भारी झालं, किंवा सामान चाकांच्या मागे कोंबलं, की वेग वाढल्यावर कॅराव्हॅन शेपटीसारखी हलायला लागते, आणि एकदा ती लय धरली की स्टिअरिंग फिरवून ती थांबत नाही. उलट वाढते. पण त्या आकड्यांशेजारी वहीत न लिहिलेली एक गोष्ट असते. तिकडे दर थोड्या अंतरावर आखलेल्या साइट आहेत, तिथे विजेचा खांब, नळ आणि मैला रिकामा करायची जागा ठरलेली असते. कॅराव्हॅन सोडवून गाडीनं भटकायचं हे सगळं सुख त्या साइटवर उभं आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, अशा पार्कांची कल्पना त्यात आहे, आणि ती वाढावी असं मला मनापासून वाटतं. पण भावोजींच्या मार्गावर, म्हणजे मुलुंड ते गुहागर आणि पुढे तारकर्लीपर्यंत, त्यांना भरवशानं टेकता येईल अशा जागा आम्हाला एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या. त्याही बहुतेक ओळखीच्या रिसॉर्टवाल्यांच्या आवारात.

पहिला हिशेब आम्ही पैशाचा केला. त्यांना मिळालेल्या दरांत तयार मोटरहोम २८ लाखांच्या आसपास जात होती. कॅराव्हॅन ११ लाखांची. म्हणजे कॅराव्हॅन स्वस्त, असं उजव्या पानावर लाल पेनानं लिहिलेलं. मी ती ओळ खोडायला लावली. घरच्या गाडीला १,२०० किलोचा भार ओढायला लावणं म्हणजे क्लच, गिअरबॉक्स आणि माणसं यांच्याशी खेळ. गाडीची मालक-पुस्तिका काढली तर तिच्यातच लिहिलेलं, ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी नाही. हे पुस्तक गाडीच्या कप्प्यात पडून असतं आणि कुणी वाचत नाही. ओढायला चेसिसवर बांधलेली, चांगल्या ताकदीची डिझेल गाडी हवी. ती घ्यायची तर ३० लाखांची रेघ केव्हाच ओलांडली.

मग जागा. मुंबईत गाडी घेणं म्हणजे तिला वर्षातले ३०० दिवस कुठे उभं करणार, याचं उत्तर घेणं. आपल्या पार्किंगच्या नियमात मोठ्या गाडीची जागा २.५ मीटर बाय ५.५ मीटर धरलेली आहे. आम्ही टेप घेऊन खाली उतरलो. ताईच्या सोसायटीत तुळईखाली मोकळी उंची ७ फूट ९ इंच भरली. भावोजींनी पाहिलेली मोटरहोम छतावरच्या एसीसकट साडेनऊ फुटांच्या वर आणि २३ फूट लांब. कॅराव्हॅनही आत शिरत नव्हती. सोसायटीच्या सचिवांनी कंपाउंडमध्ये उभी करायला स्वच्छ नकार दिला. अग्निशमनाच्या गाडीची वाट अडते, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणजे दोन्हीपैकी काहीही घेतलं तरी ते भिवंडी नाहीतर पनवेलकडे भाड्याच्या जागेत ठेवायचं, आणि निघायच्या आदल्या दिवशी जाऊन आणायचं. मोटरहोम असेल तर चावी लावून आणता येते. कॅराव्हॅन आणायला आधी ओढणारी गाडी न्यावी लागते.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर ही बिगर-परिवहन गटात नोंदवता येते. ट्रेलरची नोंदणी वेगळी होते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसावा लागतो. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. ते पाळून बनलेल्या गाडीचा कागद मागा. प्रवासी गाडी घेऊन ओळखीच्या सुताराकडून आत पलंग आणि ओटा करून घेणं हा आपल्याकडचा आवडता मार्ग, पण २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. अपघात झाला की विम्याचा माणूस आधी हेच बघतो.

आता वजनाचं बोलतो, कारण इथे माझा जीव अडकतो. १८ मिलिमीटरच्या प्लायचा ८ बाय ४ फुटांचा एक तक्ता साधारण ३५ किलोचा. मोटरहोमच्या आत असे सात-आठ सहज जातात. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. फ्रिज, बॅटऱ्या, एसी, गाद्या, आणि शेवटी माणसं. नोंदणी पुस्तकात एकूण भारित वजनाचा आकडा असतो. तो ओलांडला की ब्रेकचे लायनर, टायर, मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) सगळेच आपल्या हिशेबाबाहेर काम करायला लागतात. मी कार्यशाळेत पाटा तुटलेल्या गाड्या पाहिल्यात. पाटा मोडतो तो खड्ड्यानं, पण त्याची तयारी वजनानं आधी करून ठेवलेली असते. म्हणून सांगतो, मोटरहोम ताब्यात घ्यायच्या आधी पाण्याची टाकी भरून भुईकाट्यावर न्या. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोला. १५ मिनिटांचं काम आहे.

विजेचाही भ्रम असतो. २०० अँपियर-तासाची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरली तर अडीच युनिट देते. एक टनाचा एसी तासाला पाऊण ते एक युनिट खातो. म्हणजे तीन तास, मग अंधार. छतावर ४०० वॉटचं सोलर लावलं तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी दीड-पावणेदोन युनिट मिळतं, कोकणातल्या श्रावणात त्याच्या कितीतरी कमी. एसी लावून रात्रभर झोपायचं असेल तर बाहेरची वीज हवीच, गाडी कुठलीही असो.

हे सगळं वहीत लिहून मी डाव्या पानावर बरोबरची खूण केली. मोटरहोम. ताईचा संडास सोबत राहतो, घाटात एकच गाडी सांभाळायची, ४५ च्या पुढचा माणूस दोन गाड्यांची १० मीटर लांब आगगाडी उलटी घ्यायला नव्यानं शिकतो तेव्हा किती चुकतो हे मी पाहिलंय. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवावं लागतं. सपाट मैदानावर जमेलही, पण समोरून एसटी आली, डावीकडे चिऱ्याचा गडगा आणि उजवीकडे व्हाळ, अशा ठिकाणी जमेल का? जंगल जेटीच्या (गाड्या खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटीच्या) उतारावर, ओहोटीला रॅम्प आणखी उतरता झालेला असताना? दाभोळ–धोपावे फेरीवर भावोजी नेहमी जातात, त्यांना हा मुद्दा लगेच पटला.

एक अट मात्र मी घातली. घेण्याआधी सहा दिवस भाड्यानं घेऊन याच मार्गावर जाऊन या, आणि रोज रात्री दोघांनी वेगवेगळं लिहा. एकमेकांना दाखवायचं नाही.

जानेवारीत ते गेले, चालकासह. मी पनवेलपर्यंत सोबत होतो आणि कळंबोलीजवळ भुईकाट्यावर गाडी तोलून घेतली. मर्यादेच्या आत होती. पण फक्त ६० किलोंनी, आणि तेव्हा गाडीत दोन माणसं कमी होती.

पहिल्या दिवसाचं ताईचं पान मी नंतर वाचलं. “वडखळला चहा घेतला. पूर्ण कप. कोलाडला पाणी प्यायले. माणगावच्या पुढे गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटांत काम झालं. लग्नानंतर पहिल्यांदा या रस्त्यानं तहान न मारता आले.” हे वाचून मला माझी डावीकडची खूण अगदी बरोबर वाटली. भावोजींच्या पानावर डिझेल, कशेडीचा बोगदा आणि परशुराम घाटातला वेग.

बेत असा होता: दोन रात्री गुहागर, दोन तारकर्ली, एक परतीच्या वाटेवर. गुहागरला समुद्रकिनाऱ्याजवळ एका ओळखीच्या आवारात पहिली रात्र झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सहज गावी डोकावायला गेले. शृंगारतळीच्या पुढे रस्ता सोडून आत वळलं की वाडीपर्यंत पाऊण किलोमीटरची वाट आहे. गाडी तिथे शिरली ती चालकाच्या कौशल्यावर. एका ठिकाणी फणसाची फांदी एसीला घासली, मोरीच्या कठड्याला अर्ध्या फुटाचं अंतर राहिलं. पण शिरली, आणि वाडीतल्या जुन्या हापूसखाली उभी राहिली.

मग ती तिथून हललीच नाही. तिसरा दिवस तिथेच, चौथा तिथेच, पाचवाही. तारकर्ली राहिलं. समुद्रावर जेवढा वेळ घालवायचा ठरवला होता त्याच्या चौथाईही घालवला नाही. भावोजी सकाळी चुलतभावाबरोबर शिंपणाला जायचे. ताई चुलत जावेबरोबर कुळथाची पिठी, सांडगे आणि गप्पा. संध्याकाळी सगळे पडवीत, रात्री हे दोघं गाडीत झोपायला. चालक बिचारा तीन दिवस बसून होता आणि त्याचा भत्ता चालू होता.

ते परत आल्यावर मी मुलुंडला गेलो. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. भावोजींच्या चौथ्या दिवसाच्या पानावर एकही आकडा नव्हता. फक्त एक ओळ: “२६ वर्षांनी वाडीत सलग तीन रात्री.” ताईच्या पानावर: “इथे स्वतःचा संडास आहे म्हणून राहता आलं.”

मी विचारलं, तुम्हाला फिरायचंय की गावाला जायचंय? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ताई बोलली आणि सगळं बाहेर आलं. गावच्या घराचा संडास अंगणापलीकडे, ४० पावलांवर, तीन पायऱ्या चढून, भारतीय पद्धतीचा. दोन वर्षांपूर्वी त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची नेली, तर आत ती मावली पण दार लागेना. गणपतीत घरात २०-२२ माणसं, झोपायला पडवीत जागा धरावी लागते. गुडघा दुखायला लागल्यापासून ती गणपतीलाही एका दिवसात जाऊन येते, आणि त्या दिवशीही काही पीत नाही. भावोजींना वाटायचं, तिला गाव नको झालंय. तिला वाटायचं, यांना आता भटकायचंय. म्हणून ती त्यांच्या वहीला हो म्हणत होती. वहीची दोनशे पानं आणि घरातलं हे एक वाक्य त्यात कुठेच नव्हतं.

मग घरात कमोड का बसवून घेत नाही? मीही हेच विचारलं, आणि कुठलाही शहाणा माणूस हेच विचारील. खर्च पन्नास-साठ हजारांत झाला असता. भावोजी म्हणाले, सातबारावर ११ नावं आहेत. एक वीट लावली तर पुण्याचा विचारतो कुणाच्या हिश्शात लावली, ठाण्याचा म्हणतो आम्हीही मग एक खोली काढतो. वडील असताना विहिरीच्या कठड्यावरून दोन घरं सात वर्षं बोलत नव्हती. त्यांना ते पुन्हा नको होतं. या भीतीला मी कमी लेखत नाही. कोकणात निम्मी घरं हिच्यामुळेच बंद आहेत.

इथे माझं सगळं गणित उलटं झालं. वर्षाला ४०-५० रात्री एकाच जागी काढायच्या असतील, तर इंजिन कशाला बाळगायचं? मोटरहोम वाडीत उभी ठेवली तर तिचं इंजिन, बॅटरी, टायर उभ्या-उभ्या म्हातारे होतात, विमा आणि कर चालू राहतात, आणि २८ लाख आंब्याखाली. दर वेळी मुंबईहून न्यायची-आणायची तर पनवेलची जागा, फणसाची फांदी आणि मोरीचा कठडा. कॅराव्हॅनचे जे तोटे मी लिहिले होते ते जवळजवळ सगळे ‘ओढण्या’चे होते. ओढायचंच नसेल तर? एकदाच, जाणत्या माणसाकडून वाडीपर्यंत न्यायची. पुढे ती तिथेच राहील.

आणि ताईचा रस्त्यावरचा प्रश्न? तो आगगाडीनं सुटतो. मुलुंडहून ठाणे १० मिनिटांवर. तिथून मांडवी एक्सप्रेसनं चिपळूण, नाहीतर २०२३ पासून सुरू झालेली मडगावची वंदे भारत, ती खेडला थांबते. डब्यात पाश्चात्त्य पद्धतीचा संडास आहे. चिपळूणहून गावापर्यंत भाड्याच्या गाडीनं तासभर. ती म्हणाली, “तासभर मी सहज बसेन. तहान मारायची गरज नाही.”

मी एकच गोष्ट हट्टानं करायला लावली. कॅराव्हॅनला पाया नसतो, पण भाऊबंदकीत तिच्यावरूनही भांडण उभं राहू शकतं. आधी बोला. भावोजी दोन आठवडे फोन टाळत राहिले. शेवटी मी समोर बसून चुलतभावाला लावून दिला. बोलणं सहा मिनिटं चाललं. तो म्हणाला, आंब्याखाली नको, फांदी पडते. गोठ्याच्या जागेवर ठेव, तिथे जमीन घट्ट आहे. भावोजींनी सातबारावरच्या बाकीच्या १० जणांना पत्र पाठवलं की ही चाकांवरची वस्तू आहे, हिच्यामुळे कुणाच्या हिश्शात फरक पडत नाही, कुणीही सांगितलं तर हलवीन. सात जणांनी सही करून परत पाठवलं. दोघांनी फोनवर हो म्हटलं. एकाचं उत्तर आलं नाही, आणि भावोजींनी त्याला पुन्हा विचारलं नाही. मला वाटतं, विचारायला हवं होतं.

एप्रिलमध्ये पुण्याजवळच्या कारखान्यातून कॅराव्हॅन निघाली. एक अ‍ॅक्सल, आतून १२ फूट, रिकामी ८५० किलो, भरून १,२०० ची मर्यादा. हूकवरचा भार भावोजींनी घरचा वजनकाटा आणि लाकडाचा ठोकळा खाली ठेवून मोजला: ७२ किलो, म्हणजे १,२०० च्या सहा टक्के. ती वही अशा वेळी कामाला आली याचा मला आनंद झाला. ओढायला कारखान्याचाच पिकअप आणि त्यांचाच चालक. मी शेजारी बसलो. कराड, पाटण, आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण.

घाटाचं मुद्दाम सांगतो. या कॅराव्हॅनला ओव्हररन ब्रेक असतात. पुढची गाडी मंदावली की मागची हूकवर रेलते, त्या दाबानं दांडा आत जातो आणि कॅराव्हॅनचे ब्रेक लागतात. सपाटीवर उत्तम. पण लांब उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनानं गाडी धरली तरी मागची रेललेलीच असते, म्हणजे तिचे लायनर सतत घासत राहतात. पुढच्या चालकाला वाटतं आपण ब्रेक जपतोय, आणि मागे हब (चाकाचा मधला भाग) तापत असतात. आम्ही घाटात दोनदा थांबलो. दुसऱ्यांदा हबजवळ हात नेला तर धग लागत होती, वास नव्हता. २० मिनिटं थांबून निघालो. चालक अनुभवी होता, त्यानं न कुरकुरता थांबू दिलं. नवख्या माणसानं पोफळीपर्यंत एका दमात उतरवली असती.

वाडीच्या वाटेवर पिकअपनं हात टेकले. शेवटचे ६० मीटर कॅराव्हॅन सोडवून आठ जणांनी ढकलत नेली. यात पुण्याहून आंब्यासाठी आलेला एक चुलतभाऊही होता, सही न करणाऱ्यांपैकी नव्हे, पण सगळ्यात जास्त प्रश्न विचारणाऱ्यांपैकी.

उभी करतानाची कामं: चाकांवरचा भार काढून चारही कोपऱ्यांना घोड्या लावल्या. वर पत्र्याची शेड, चारी बाजूंनी चार फूट पुढे, कारण रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो आडवा येतो. वीज घरच्या मीटरवरून, मध्ये सबमीटर. अर्थिंग वेगळं, आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच. पत्र्याच्या घरात ओल्या पायानं शिरायचं असतं, इथे काटकसर करू नका. गॅस ठेवलाच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि पावसात खिडक्या बंद असतात. इंडक्शनवर चहा होतो, जेवण तर घरात. संडासाची २० लिटरची टाकी घरच्याच सेप्टिक टाकीत रिकामी होते. मोरीचं पाणी केळीला.

एकूण खर्च शेड, वाहतूक, वीज धरून साडेतेरा लाखांत बसला. राहिलेली रक्कम बँकेत आहे, डाव्या गुडघ्यासाठी त्यातली काही बाजूला काढली. तारकर्लीला कधी जायचं झालंच तर भाड्याची मोटरहोम घेऊ, असं ठरलंय.

पहिल्या पावसानं दोन धडे दिले. उंदरांनी पाण्याच्या पंपाची वायर कुरतडली. आता खालच्या सगळ्या भोकांना जाळी आहे. आणि जुलैत तीन आठवडे बंद राहिल्यावर गाद्यांना बुरशी आली. चुलतभाऊ आता दर रविवारी दार उघडून दोन तास पंखा लावतो, गाद्या उभ्या करून ठेवलेल्या असतात. हूकच्या दांड्याला ग्रीस लावून पिशवी बांधली आहे, तरी खाऱ्या हवेनं एका नटावर गंज धरलाच. पुढच्या मे महिन्यात मी जाऊन ब्रेकचे ड्रम उघडून पाहणार आहे. उभ्या गाडीचे ब्रेक चिकटतात, आणि उद्या खरंच कुणी हलवायला सांगितलं तर चाक फिरायला हवं.

गणपतीत मी दोन दिवस गेलो होतो. ताई पाच दिवस राहिली, गौरी जेवून. दुसऱ्या रात्री धो धो पावसात कॅराव्हॅनच्या दारावर टकटक झाली. चुलत जाऊ, डोक्यावर इरलं, पासष्टीला आलेली, तिचेही गुडघे गेलेले. अंगणापलीकडे जायला तिला भीती वाटत होती. इतकी वर्षं ती त्या तीन पायऱ्या रात्री एकटी चढत होती, आणि हे आम्हा कुणाच्या हिशेबात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताईनं मला शृंगारतळीला पाठवून चावीची नक्कल करून आणायला लावली. ती आता त्यांच्या स्वयंपाकघरात, रॉकेलच्या कंदिलाच्या जुन्या खिळ्याला अडकवलेली असते.